दीदिया क्लाराची अक्षरं

बादशहाने टेप घेऊन खोली मोजायला सुरुवात केली तेव्हा कोरणीबाई खिडकीशी बसून शाळेच्या एका ढालीवर नाव कोरत होती.

"जरा पाय वर घे," तो म्हणाला.

तिने घेतले नाहीत. मग त्याने तिच्या स्टुलाला वळसा घालून टेप पलीकडे नेली आणि आकडा पेन्सिलने भिंतीवर लिहिला. भिंत तिची, खोली तिची, आणि विचारायची पद्धत? छे, ते कशाला!

ही नावं दोघांना गल्लीने ठेवलेली. ती पितळेच्या पाट्या, बक्षिसांच्या ढाली, वकिलांच्या दारावरची नावं कोरते, म्हणून कोरणीबाई. तो रोमच्या जुन्या बादशहांची नाणी जमवतो, आणि रस्त्याने जाताना मान अशी ताठ ठेवतो, जणू याचंच तोंड उद्या टांकसाळीत जायचं आहे, म्हणून बादशहा. खरं विचाराल तर पस्तीस वर्षं विमा कंपनीत एका टेबलावरच्या फायली दुसऱ्या टेबलावर सरकवून तो निवृत्त झालेला. पण हे त्याच्यासमोर काढायचं नाही.

"रविवारी नाण्यांचे परीक्षक येतायत," तो म्हणाला. "त्यांनी माझ्या दीदियाच्या नाण्याला दाखला दिला की आमच्या नाणी-मंडळाचं दालन इथेच. कपाट या भिंतीला, मधे काचेची पेटी, चार खुर्च्या."

"आणि मी?"

"तू बस की गॅलरीत. पाट्या काय, कुठेही कोरता येतात."

पाट्या काय! खोली मागच्या बाजूची होती आणि तिची खिडकी उत्तरेला. दिवसभर तोच तो शांत उजेड, ऊन आत येत नाही, हाताची सावली कामावर पडत नाही. कोरणाऱ्याला डोळ्यांइतकाच हा उजेड लागतो. तिच्या वडिलांचं टेबल त्या खिडकीच्या मापाने बनवलेलं. गॅलरीत सकाळी डोळे दिपतात आणि दुपारनंतर रस्त्यावरची धूळ कामात बसते. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथे बसून अक्षर सरळ येणार नव्हतं. खोली गेली की काम गेलं, इतकी सरळ गोष्ट होती, आणि ती समोरच्या माणसाच्या डोक्यात शिरणार नव्हती. किंवा शिरली होती आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

तिने ढालीवरचा कीस फुंकून उडवला आणि मनात म्हटलं, कर, मोज. तुझी दीदिया कोण आहे ते मला विचार.

ही दीदिया कोण ते आधी सांगायला हवं. बादशहाच्या तोंडून ही कथा कोरणीबाईने इतक्यांदा ऐकली होती की झोपेत विचारलं असतं तरी सांगितली असती. रोममध्ये एक वर्ष असं आलं की सैनिकांनी स्वतःच्याच बादशहाला मारलं आणि छावणीच्या भिंतीवर उभं राहून गादीचा लिलाव पुकारला. हो, लिलाव! एका गबर म्हाताऱ्याने चढी बोली लावून अख्खं राज्य घेतलं. बायकोला महाराणी केलं, लेकीला महाराणी केलं, तिघांच्याही तोंडाची नाणी पाडली. लेकीचं नाव दीदिया क्लारा. तिच्या नाण्याच्या मागे झावळी घेतलेली एक बाई उभी, आणि लिहिलेलं काय, तर 'या काळाचा आनंद'. सहासष्ट दिवसांनी म्हाताऱ्याचा गळा कापला गेला. झाला आनंदीआनंद. दिवस थोडे म्हणून नाणी थोडी, आणि नाणी थोडी म्हणून बादशहासारख्यांच्या तोंडाला पाणी.

"बाप मूर्ख, लेक बापडी, आणि दोन हजार वर्षांनी त्यांच्यासाठी माझी खोली," कोरणीबाई एकदा म्हणाली होती.

"अठराशे," त्याने चूक दुरुस्त केली होती. बाकीचं त्याला ऐकूच आलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा बादशहाने एक झिजलेलं जाडजूड पितळी नाणं आणलं. बाईचा चेहरा, मागे अंबाडा, अक्षरं जवळजवळ गेलेली. नवीनच नाद लागलेला, पुस्तक उघडून बसला आणि त्याने स्वतःची समजूत घालून घेतली की ही दीदियाच. "फक्त अक्षरं बुजलीत गं. तू जरा उघडी कर."

तिने भिंग लावून पाहिलं. "अहो, इथे डी नाहीच. हा एफ आहे. आणि हा इथे एन दिसतोय."

"झिजल्यावर तसं दिसतं. तुला काय कळतंय त्यातलं?"

एन होताच. ती होती फाउस्तिना, त्या लिलावाच्या आधीच्या एका बादशहाची बायको, जिची नाणी ढिगाने मिळतात आणि ज्यांच्या मागे तीच झावळीवाली बाई असते. पण नवी नवरी, नवऱ्याने पहिल्यांदा काहीतरी मागितलेलं, आणि खरं सांगायचं तर काम अवघड होतं म्हणून तिचाही हात शिवशिवला. पाटीवर अक्षर खोल कोरायचं असतं. नाण्यावर अक्षर उभं ठेवून भोवतालचा धातू खरवडावा लागतो. अकरा दिवस ती त्यावर बसली. फाउस्तिनाच्या अक्षरांच्या उरलेल्या उंचवट्यांतून तिने दीदिया उभी केली. जुन्या एनची तिरकी रेघ तिने वाया घालवली नाही, तिचाच 'क्लारा'मधल्या आरचा पाय केला. त्यामुळे तो पाय जरा लांब झाला. एनचे दोन्ही उभे दांडे घोटणीने घासून घासून बसवून टाकले. मागची अक्षरंही बदलली.

बादशहाने ते नाणं परगावच्या एका घड्याळवाल्याला देऊन बदल्यात चांदीचे बारा बादशहा आणले. त्या बारांवर त्याचा संग्रह उभा राहिला. त्या दिवसापासून तो नाणेशास्त्राचा अभ्यासक आणि ती पाट्या कोरणारी.

आणि सहा वर्षांपूर्वी तो एक कातडी डबी घेऊन घरी आला. चेहरा उजळलेला. त्याने चांदीचे ते बारा बादशहा दिले होते, वर आणखी आठ दिले होते, आणि संग्रहाचा मुकुटमणी आणला होता, कुणाकडून ते मात्र सांगितलं नाही. कोरणीबाईने भिंग लावलं. आरचा पाय लांब.

तिने डबी मिटून परत दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसली. आपल्याच घरचं, आपल्याच बायकोच्या हातचं खोटं नाणं या शहाण्याने वीस बादशहा मोजून विकत आणलं! त्या हसण्यावर तिने सहा वर्षं काढली. तो मंडळासमोर दीदियाची कथा सांगायला लागला की ती चहा ओतता ओतता मनात म्हणायची, बोल राजा, बोल. तो जेवताना "तुझं आपलं पाट्यांपुरतं ठीक आहे" म्हणाला की ती आणखी एक घास वाढायची. त्याच्याबद्दलचा तिरस्कार ती लोणच्यासारखा मुरवत होती, आणि तो रोज थोडाथोडा चवीने खात होती. बोलली मात्र नाही. बोललं की मजा संपली असती.

रविवारी अकराला मंडळ जमलं. मंडळ म्हणजे कोण, तर औषधवाले, ज्यांना एकाही बादशहाचं साल पाठ नव्हतं पण प्रत्येकाचं वजन पाठ होतं. आणि हेडमास्तर, जे चाळीस वर्षं पोरांवर ओरडून बहिरे झाले होते आणि आता फक्त मान डोलवायचे. तिसरे परीक्षक. त्यांच्या सहीचा दाखला असला की नाणं खरं, नसला की खोटं, एवढा त्यांचा दबदबा. खिशात तीन भिंगं, बोटात दोन अंगठ्या, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आधी माफी मागावी.

"वहिनी, साखर कमी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

डबी उघडली. परीक्षकांनी नाणं कडेने धरलं, एक भिंग बदलून दुसरं लावलं, मग तिसरं. काट्यावर ठेवलं. नाकाशी नेऊन वास घेतला. बादशहा मान ताठ करून उभा, पण त्याचा अंगठा तर्जनीवर घासत होता. कोरणीबाई दाराशी ट्रे घेऊन थांबली. तिला खात्री होती की हे परीक्षक आता हसणार. एवढी भिंगं कशासाठी आणली आहेत!

"चेहरा झिजलाय," परीक्षक म्हणाले. "पण अक्षरं, अहाहा. हा आर पाहा. हा लांब पाय. ही त्या टांकसाळीची खूण. असा हात आता जगात नाही. आजच्या कारागिराने जन्म घालवला तरी असा आर यायचा नाही."

"वा!" औषधवाले म्हणाले. हेडमास्तरांनी मान डोलवली.

परीक्षकांनी दाखल्यावर सही केली. बादशहा डबी आणि दाखला उचलून लगेच सगळ्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला. "दालन इथे. हे टेबल जाईल. हा पसारा सगळा जाईल." औषधवाल्यांनी वडिलांच्या टेबलावर बोट टेकून हलतंय का ते पाहिलं आणि म्हणाले, "जुनं आहे, मोडीत निघेल."

तिथे मात्र कोरणीबाईच्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षांची मजा कुठल्या कुठे गेली. तिची अक्षरं जगात सगळ्यांत भारी ठरली होती आणि त्याच अक्षरांनी तिला गॅलरीत बसवलं होतं.

"ती अक्षरं माझी आहेत," ती म्हणाली.

कुणालाच कळलं नाही. हेडमास्तरांनी कानामागे हात धरला.

"ती अक्षरं मी कोरलीत. लग्नाच्या पहिल्या वर्षी. या टेबलावर."

औषधवाले आधी हसले. मग परीक्षक हसले, बायकांच्या बोलण्यावर हसतात तसे. "वहिनी, तुमच्या पाट्या आम्ही पाहिल्यात. छान असतात. पण हे रोम आहे."

"मग आरच्या डाव्या बाजूला उजेड तिरका धरून बघा. एनचा दांडा दिसेल, मी घोटून बसवलाय. दीदिया क्लाराच्या नावात एन कुठून आला, ते सांगा मला."

परीक्षकांचा हात भिंगाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तेवढ्यात बादशहाने "एक मिनिट हं" म्हणत तिचा दंड धरला आणि तिला स्वयंपाकघरात नेलं.

तिला वाटलं होतं तो हादरलेला असेल. पांढरा पडेल, विचारेल, खरंच का गं? सहा वर्षं ती याच घटकेची वाट बघत होती. पण त्याने दार लोटलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? मला माहीत नाही असं वाटलं तुला?"

"काय माहीत नाही?"

"अगं, घड्याळवाला मेला. पोरांनी सगळं विकायला काढलं. त्या नाण्याखाली त्याची चिठ्ठी होती, कुणाकडून घेतलं, कधी घेतलं, माझ्या नावानिशी. उद्या कुणी खोटं ओळखलं असतं तर माझं नाव निघालं असतं. म्हणून आणलं. चिठ्ठी जाळली. आणि आणलंच आहे तर मिरवलं, त्यात काय बिघडलं?"

"म्हणजे डबी उघडलीत तेव्हा..."

"तू भिंग लावलंस, गप्प बसलीस. मी म्हटलं, बरं झालं. तू काय बोलणार होतीस? बोललीस तर तुझंच नाव जाणार. खोटी नाणी करणारीला ढाली कोण देईल?" त्याने तिचा दंड सोडला. "सहा वर्षं बसलीस ना गप्प? आता बाहेर जा आणि म्हण, गंमत केली."

कोरणीबाई ओट्याला टेकली. तिला मूर्ख नवरा होता, ही तिची सगळी दौलत होती, आणि ती खोटी निघाली. हा मूर्ख नव्हताच. हा तिला पुरता ओळखून होता. ती त्याला हसत होती तेव्हा तो तिच्या गप्प बसण्यावर आपला मुकुटमणी टेकवून निवांत झोपत होता. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती त्याची नाही, स्वतःची वाटली.

"बरं," ती म्हणाली.

ती बाहेर आली. बादशहा मागोमाग, हसरा चेहरा तयार ठेवून. ती थेट मागच्या खोलीत गेली, औषधवाल्यांना "सरका" म्हणाली, टेबलाशी बसली. पितळेचा एक जाड तुकडा शिकंज्यात धरला, कोरणी उचलली आणि काम सुरू केलं. चार पुरुष तिच्या पाठीशी उभे. कीस उडत होता, अक्षराभोवतीचा धातू थराथराने खाली जात होता, आणि मधून एक अक्षर वर येत होतं. वीसेक मिनिटं लागली. चहा गार झाला.

तिने तुकडा शिकंज्यातून काढला आणि परीक्षकांच्या तळहातावर ठेवला. आर. लांब पायाचा.

"आता दोन्ही शेजारी ठेवून बघा," ती म्हणाली. "जन्म घालवावा लागला नाही."

परीक्षकांनी एकदाच पाहिलं. मग टेबलावरचा दाखला उचलला, घडी घातली, आतल्या खिशात ठेवला. "आज इथला उजेड बरोबर नव्हता," ते म्हणाले. त्या खोलीत, त्या खिडकीशी उभं राहून म्हणाले! हेडमास्तर पहिल्यांदाच काहीतरी बोलले: "म्हणजे नक्की कोणी काय केलं?" औषधवाल्यांनी चप्पल घालता घालता बादशहाकडे असं पाहिलं, जणू आजवर केलेल्या सगळ्या अदलाबदली ते मनात तपासून बघतायत. तिघे गेले.

बादशहाने पुन्हा खोलीचं नाव काढलं नाही. टेप कपाटात गेली. कोरणीबाईने भिंतीवरचा आकडा ओल्या फडक्याने पुसला. शाळेतून निरोप आला की पुढच्या ढाली दुसरीकडे देतोय. औषधवाल्यांनी तोंड चालवलेलं दिसत होतं. तिने हातातली ढाल नीट पुरी करायची ठरवलं. खोली राहिली होती, काम किती राहील ते माहीत नव्हतं. ती खोटं बोलली नव्हती, फक्त फार उशिरा खरं बोलली होती, आणि त्याची किंमत द्यायला तिची तक्रार नव्हती.

बुधवारी सकाळी बेल वाजली. परीक्षक. एकटेच. आज अंगठ्या नव्हत्या. "वहिनी, आत येऊ का?" पायपुसण्यावर दोनदा पाय पुसून ते मागच्या खोलीत आले, टेबलाकडे देवघराकडे बघावं तसं बघितलं, आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत एक झिजलेलं पितळी नाणं. बाईचा चेहरा, अंबाडा, अक्षरं गेलेली.

"हिची आई," ते हळूच म्हणाले. "म्हणजे, होऊ शकते. दीदियाची आई. तिची तर आणखी कमी आहेत. तुम्ही फक्त अक्षरं जरा उघडी केलीत तर..."

कोरणीबाईने नाणं उचलून उजेडात उलटसुलट करून पाहिलं.

"कुणाला कळायचं नाही हो," ते म्हणाले. "तपासणार तर मीच आहे."

दारात सळसळ झाली. बादशहा. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याची मान ताठ होती. बाहेरच्या खोलीतली बरी खुर्ची तो स्वतः उचलून घेऊन आला होता. ती त्याने परीक्षकांसाठी मांडली, आणि मग तिच्या खांद्याशी वाकून, लग्नानंतर पहिल्यांदा इतक्या आदबीने म्हणाला, "बघ ना जरा. जमेल का तुला? तुझ्यासारखा हात नाही गं कुणाचा."

दोघे तिच्या टेबलावर वाकले. दोघांचे श्वास ऐकू येत होते. तिच्या हाताकडे आजवर कुणी असं पाहिलं नव्हतं. या खोलीत आता तिला हवं तितकं काम मिळणार होतं, जन्मभर पुरेल इतकं. तिला त्या दोघांची किळस आली, आणि ती तिने लपवली नाही.

"जमेल की," ती म्हणाली.

नाणं तिने शिकंज्यात पक्कं आवळलं. कोरण्यांची रांग सोडून तिने मागच्या खणातली मोठी कानस काढली. "अगं, हे काय..." बादशहा म्हणाला, पण तोवर तिने कानस टेकवून अंगाचा भार घातला होता. आठ-दहा हातांत अंबाडा गेला, नाक गेलं, मान गेली. परीक्षकांच्या तोंडातून बारीकसा आवाज आला. तिने नाणं उलटवलं आणि दुसरी बाजूही तशीच घासली. मग गुळगुळीत, पिवळीधमक, कोरी चकती काढून तिने रुमालात ठेवली आणि पुरचुंडी बांधून परीक्षकांच्या हातात दिली.

"घ्या. आता हवी ती राणी घाला."

मग तिने टेबल झटकलं, दोघांनाही "उजेड सोडा" म्हणाली, आणि ढालीवरचं राहिलेलं आडनाव कोरायला घेतलं.